उन्हातले तीन गाळे

फार फार वर्षांपूर्वी, गावाच्या वेशी दिवेलागणीला बंद होत, त्या काळची ही गोष्ट. एका नगरात सगुणाबाई नावाची विधवा राहत होती. दुकानांचे तीन दगडी गाळे एवढीच तिची मिळकत. नवऱ्याने ते स्वतःच्या हातांनी बांधले होते. पण बांधले कुठे, तर बाजारपेठेपासून दूर, वेशीबाहेरच्या उघड्या कातळावर, पश्चिमेकडे तोंड करून. दुपार कलली की ऊन थेट आत शिरे आणि वारा खांद्यावरचे उपरणे ओढून नेई.

सगुणाबाई मोठी हुशार होती. निदान तिला तसे वाटे. गाळा पाहायला येणाऱ्याला ती सकाळचीच वेळ देई. तेव्हा दारात सावली असे. वर ती वाळ्याचे ओले पडदे लावून ठेवी. "बघा, किती गार आहे," ती म्हणे, आणि माणूस खूश होऊन किल्ली घेई.

आधी हलवाई आला. चार दिवसांत त्याचे पेढे आंबले. मग अत्तरवाला आला. त्याचे अत्तर कुप्यांतून उडून गेले आणि सुवास वाटसरूंनी फुकटात घेतला. शेवटी एक माळीण आली, तर तिचे गजरे दुपारीच माना टाकू लागले. पुढे पुढे गाळ्यांचा विषय निघाला तरी बाजारात लोक हसत.

त्यातच राजाचा हुकूम निघाला. पाडव्याच्या दिवशी जो गाळा बंद दिसेल तो सरकारजमा होईल आणि तिथे घोडे बांधले जातील. सगुणाबाई तडक गाळ्यांकडे निघाली. ज्या भिंतींसाठी नवऱ्याने पाठीवर दगड वाहिले, तिथे आता घोड्यांची लीद पडणार होती.

माळीण तेव्हा गाळा सोडून जायला टोपल्या आवरत होती. सगुणाबाई तिला म्हणाली, "माझा गाळा इतका का गं वाईट आहे?"

"गाळा वाईट नाही, बाई," माळीण म्हणाली. "तुम्ही ऊन लपवलंत, ते वाईट. आधी सांगितलं असतं तर मी आले नसते, आणि माझी फुलंही वाचली असती."

हे बोल सगुणाबाईला फार लागले. तिने वाळ्याचे पडदे काढून टाकले आणि दवंडीवाल्याला गाठले. "सांग गावात, गाळे भाड्याने देणे आहेत. दुपारभर ऊन, दिवसभर वारा, आणि बाजार लांब."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ताच आलंय," ती म्हणाली.

दवंडी ऐकून गाव पोट धरून हसले. तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, एक रंगारी आला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"वारा जोराचा असतो का?" त्याने विचारले.

पाडवा परवावर आला होता. 'झुळूक असते' हे शब्द सगुणाबाईच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. "पागोटं धरून उभं राहावं लागतं," ती म्हणाली.

"मग किल्ली द्या. पेठेतल्या गल्लीत माझी लुगडी वाळता वाळत नाहीत, आणि खालून जाणाऱ्यांच्या धोतरांवर रंग गळतो. लोकांच्या शिव्या खाऊन मी थकलो."

दुसऱ्या दिवशी कुरडया करणारी आली. तिला ऊन हवे होते. तिच्या मागोमाग धान्य पाखडणारा आला. त्याला वारा हवा होता. पाडव्याला कोतवाल घोडे घेऊन आला, तर तिन्ही दारे उघडी होती. गाळ्यांपुढे लाल, निळी, पिवळी लुगडी फडफडत होती. ती पार पेठेतून दिसत, म्हणून गिऱ्हाईक आपणहून चालत येई.

सगुणाबाईने भिंतीच्या तापल्या दगडावर हात ठेवला.

तेव्हा बाळगोपाळांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपल्या वस्तूतली उणीव जो उघड सांगतो, त्याच्याकडे तीच उणीव हवी असणारा माणूस चालत येतो.