ठमीची हिरवी गोधडी

ठमी उंदरीण सकाळी उठली. बघते तर काय! गोधडी हिरवी! गोधडीवर बुरशी, भिंतीवर बुरशी. आणि पिलू पिटू खोकतोय, खो खो खो!

घर साळिंदरशेठचं. ठमी भाडेकरू. अलीकडे ठमी, पलीकडे शेठ, मधे एकच भिंत.

ठमीने भिंत पुसली, फस फस फस. ती रोज पुसायची. बुरशी रोज यायची. मेली जातच नव्हती!

ठमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"शेठ, शेठ, चुना लावा. बुरशी जाईना, पिटूचा खोकला थांबेना."

शेठ लाडू खात होते. "कौल सरकलंय, पाणी गळतंय. माकड कौल बसवेल, मग मी चुना लावीन. आणि काय गं, गोधडी घरात वाळत घालतेस ना? मग ओल येणारच!"

घ्या! गळतंय कौल, आणि चूक ठमीची!

तुरुतुरु तुरुतुरु.

"माकडा, माकडा, कौल बसव. शेठ चुना लावेनात, बुरशी जाईना, पिटूचा खोकला थांबेना."

"कौलावर फांदी टेकलीय. आंबा फांदी उचलेल, मग मी कौल बसवीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"आंब्या, आंब्या, फांदी उचल. माकड कौल बसवेना, शेठ चुना लावेनात, बुरशी जाईना, पिटूचा खोकला थांबेना."

"फांदीवर वेल चढलीय. जड झालीय. शेळी वेल खाईल, मग मी फांदी उचलीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळे, शेळे, वेल खा. आंबा फांदी उचलेना, माकड कौल बसवेना, शेठ चुना लावेनात, बुरशी जाईना, पिटूचा खोकला थांबेना."

"वेल शेठच्या अंगणातली. शेठ सांगतील, मग मी खाईन. तू कोण सांगणार? भाडेकरू!"

परत शेठकडे! पाय दुखले बिचारीचे. तुरु... तुरु...

"शेठ, शेठ, शेळीला सांगा. शेळी वेल खाईना, आंबा फांदी उचलेना, माकड कौल बसवेना, तुम्ही चुना लावेनात, बुरशी जाईना, पिटूचा खोकला थांबेना."

"मी कशाला घसा ताणू? माझ्याकडे कुठाय बुरशी?"

ठमीला अस्सा राग आला! "नाही, कारण मी रोज पुसते! आता नाही पुसणार, जा!"

पिटूला घेतलं आणि बाहेर उन्हात जाऊन बसली.

बुरशी वाढली. वाढली, वाढली, भिंतीतून पलीकडे गेली. शेठच्या फडताळात शिरली. लाडवांवर बसली.

"अरे देवा! माझे लाडू!" शेठचे काटे उभे राहिले, खर्रर्र! "ए शेळे!"

एकदाच ओरडले हो, एकदाच!

शेळीने वेल खाल्ली, मचमच. आंब्याने फांदी उचलली, कर्रकर्र. माकडाने कौल बसवलं, खटाक. शेठनी चुना लावला, सर्रसर्र. बुरशी गेली. पिटूचा खोकला थांबला.

ठमीने कुजकी गोधडी शेठपुढे टाकली. "ही तुमच्या भिंतीने खाल्ली. भरून द्या."

शेठनी मान खाली घातली. स्वतःची मऊ गोधडी काढून दिली.

रात्री पिटू म्हणाला, "आई, शेठना लाडू दिसले. माझा खोकला ऐकू नव्हता आला?"

"आला होता, राजा. रोज आला होता."

ठमीने कोरडी गोधडी त्याच्या कानापर्यंत ओढली.