पलीकडचा पाट

“म्हणजे त्यांनी तुझं सैन्य काढून नेलं?”

“नाही बाबा. सैन्य माझ्याकडेच आहे. या पेटीत.”

“मग गेलं काय?”

“ते आता खेळात नाही.”

भिकनाथबाबांनी पेटीकडे पाहिलं. मग पुन्हा खाली, दगडाकडे.

मठाच्या ओसरीतल्या त्या फरशीवर कुणी कोण जाणे, कधीकाळी छिन्नीनं रेघा कोरून वाघ-बकरीचा पट केला होता. विटेचे तीन तुकडे म्हणजे वाघ. पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं, वाघांनी बकऱ्यांवरून उड्या मारून त्या खायच्या. खेळ एवढाच.

बाबांनी एक चिंचोका सरकवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पटाला वळसा घालून पलीकडे गेले, तिथल्या लाकडी पाटावर बसले आणि वाघ हलवला. पुन्हा उठले. पुन्हा वळसा. पुन्हा अलीकडे.

तुषार अहिररावला हे बघवेना. बी.ई. झालेला, चोवीस वर्षांचा मुलगा तो. नाशिकहून पहाटेच्या एसटीनं मामाच्या गावी उतरला होता आणि चहासुद्धा न घेता टेकडी चढून आला होता. आल्या आल्या तो त्या पलीकडच्या पाटावर बसायला गेला, तर बाबांनी नुसती मान हलवली होती.

“तिथं नको. इकडं बस.”

आता तो इकडे बसला होता. मांडीवर पेटी, पेटीवर दोन्ही हात.

“नीट सांग,” बाबा म्हणाले. “कोण ते? आणि त्यांनी कसं काय काढलं?”

“कंपनी आहे बाबा. परदेशातली. या खेळाचे सैनिक तीच करते, नियमही तीच करते. बोटाएवढे सैनिक असतात. सुटे तुकडे येतात, ते आपण जोडायचे, रंगवायचे. टेबलावर डोंगर, नदी, पूल मांडायचे. टेपनं अंतर मोजून सैन्य चालवायचं, फासे टाकून लढायचं. सात वर्षं मी हे सैन्य जमवलं. अकरावीपासून. एकशे बारा सैनिक.”

“बरं.”

“दर तीन वर्षांनी ते नियमांचं नवं पुस्तक काढतात. जुनं बाद. मागच्या दिवाळीत नवं पुस्तक आलं, त्यात माझं सैन्यच नाही. एक ओळ लिहिली त्यांनी. हे सैन्य यापुढे स्पर्धांमध्ये चालणार नाही, आजवरच्या साथीबद्दल आभार.”

“आभार मानले तर.”

“चेष्टा नका करू, बाबा.”

“नाही करत. पुढं?”

“पुढं काय... नवीन सैन्य घ्या. मुद्दाम थोड्याच पेट्या काढतात, म्हणजे दहा मिनिटांत संपतात. मग त्याच पेट्या तिप्पट भावानं फिरतात. स्पर्धेत रंगही त्यांचेच लागतात. एखादा सैनिक घरी करून उभा केला तर हाकलून देतात. आपण खेळायचं, आपण रंगवायचं, आपण नवी मुलं आणायची, आणि उद्या सकाळी उठून ते ठरवणार की तुम्ही आता नाही. हा काय न्याय झाला?”

बाबा वाघ हलवायला उठले. पलीकडे जाऊन आले.

“आणि इथं कशापायी आलास?”

तुषारनं मठामागच्या कुंडाकडे बोट दाखवलं. पायऱ्यांचं, काळ्या पाण्याचं ते कुंड त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. देव्हाऱ्यातली मूर्ती भंगली की पंचक्रोशीतले लोक ती टाकून देत नसत. हळदकुंकू वाहून या पाण्यात सोडत.

“सगळं सैन्य कुंडात बुडवणार आहे. आणि व्हिडिओ काढणार. जगभर टाकणार. कंपनीला कळलं पाहिजे.”

“कंपनी बघेल?”

“बघेल... नसेलही बघत. पण बाकीचे बघतील. ज्यांचं ज्यांचं असं झालंय ते.”

“ते कुठं असतात?”

“कोणी पोलंडमध्ये. कोणी ब्राझीलमध्ये.”

“भेटलायस त्यांना?”

“नाही.”

बाबांनी कुंडाकडे पाहिलं. “आमच्या माशांना सांगून ठेवायला हवं. एकशे बारा पाहुणे यायचेत.”

तुषार हसला नाही.

“तुमची परवानगी हवी, बाबा. कुंड मठाचं आहे.”

“परवानगी आहे की. रीत ठाऊक आहे ना?”

“कसली?”

“भंगलेली मूर्ती बुडवायची. अखंड मूर्ती बुडवली तर दोष लागतो. तुझ्यातले भंगलेले तेवढे काढ आणि खुशाल बुडव.”

“सगळंच भंगलंय, बाबा. ते खेळातच नाही म्हटल्यावर...”

“बघू तरी.”

तुषारनं पेटी उघडली. आत फोमच्या खाचांतून ओळीनं सैनिक झोपवलेले होते. डोंगरी लोकांचं सैन्य. लांडग्याची कातडी पांघरलेले भालाईत, शिंगं फुंकणारे, एक म्हातारी झेंडेकरीण. चार महिन्यांत पेटीचं झाकण उघडलं गेलं नव्हतं. रंगाचा तो ओळखीचा वास आला आणि तो क्षणभर थांबला.

मग एकेक सैनिक उचलून त्यानं फरशीवर ठेवायला सुरुवात केली.

पहिला अखंड. दुसरा अखंड. विसावा, तिसावा... अखंड.

“हा,” तो म्हणाला. “हा भंगलेला आहे. खांद्यातून हात तुटला होता.”

बाबांनी तो सैनिक हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला.

“तुटला होता. आता कुठं तुटलाय?”

“आत तार घातलीय. यू-पिनची. बारीक भोक पाडून आरपार नेलीय, वरून पुट्टी भरून रंगवलाय.”

“तू?”

“नाही. झुबेरनं.”

“आणि हा?”

“याचा भाला... तोही झुबेरनंच बसवला.”

बाबांनी आणखी एक उचलला. म्हातारी झेंडेकरीण. तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, आणि त्यात दोन डोळे. नुसते ठिपके नव्हेत. म्हातारी कुणाकडे तरी रोखून बघत होती.

“डोळ्यांची आखणी कुणाची?”

तुषारनं पुढचा सैनिक उचलला.

“विचारतोय.”

“त्याचीच. माझा हात थरथरतो. सगळ्यांचे डोळे त्यानंच केलेत.”

“एकशे बारांचे?”

“हो.”

बाबांनी म्हातारीला अलगद फरशीवर ठेवलं, तिचा चेहरा तुषारकडे करून.

“हा झुबेर कुठला? पोलंडचा?”

“नाशिकचाच. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. झुबेर अत्तार. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही खेळायचो, दर रविवारी. दोन पिंपांवर जुना दरवाजा आडवा टाकून टेबल केलं होतं.”

“मग तो का नाही आला? व्हिडिओ धरायला कोणी लागेल ना तुला.”

तुषारनं मान खाली घातली. पण आवाज चढला.

“कारण त्यानं नवं पुस्तक घेतलं. आम्ही सहा जण होतो, बाबा. मी सगळ्यांना सांगितलं, कोणीही घ्यायचं नाही. आपण नाही घेतलं, दुसऱ्या गावच्यांनी नाही घेतलं, की येतील ताळ्यावर. टेबलावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली. दोन महिन्यांत एकेक फुटला. मला त्या चौघांचं काही वाटलं नाही. पण झुबेर... मी माळ्यावर गेलो तर पुस्तक टेबलावर. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.”

“काय म्हणालास?”

“तू विकला गेलास म्हणालो. पेटी उचलली आणि उतरलो.”

“तो?”

“तो म्हणाला, शनिवारी त्यांच्याबरोबर नवे नियम, रविवारी आपण दोघं तुझे जुने. मला दोन्ही खेळू दे.”

“तू?”

“प्रश्न नियमांचा नव्हता, तत्त्वाचा होता.”

खाली वाडीतून कोंबड्याची बांग आली. उन्हं ओसरीच्या कडेपर्यंत सरकली होती.

“मग पुन्हा बोलावलं त्यानं?”

“चार रविवार मेसेज आला. टेबल मांडलंय, ये.” तुषारनं पेटीतला शेवटचा सैनिक फरशीवर ठेवला. “पाचव्या रविवारी नाही आला.”

बाबांनी मान डोलवली.

पेटी रिकामी झाली होती. एकशे बारा सैनिक फरशीवर उभे होते, वाघ-बकरीच्या पटाला वेढा घालून. त्यांत भंगलेला एकही नव्हता.

“बाबा, मी तुम्हाला एकच विचारायला आलो होतो खरं तर.”

“विचार.”

“कंपनी चुकीची आहे की नाही?”

“चुकीची आहे.”

“आणि शपथ मोडली ते?”

“तेही चुकीचंच.”

“म्हणजे मी...”

“तू बरोबर आहेस.”

चार महिने हे वाक्य ऐकायला तो आसुसला होता. घरी आई म्हणायची, बाहुल्यांपायी एवढं काय. ऑफिसातले हसायचे. चौघा जुन्या सोबत्यांनी ग्रुपमधून त्याला काढलंसुद्धा नव्हतं, नुसता नवा ग्रुप केला होता. आज पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर म्हणालं, तू बरोबर आहेस.

त्यानं वाट पाहिली. या वाक्यानंतर आत काहीतरी निवेल असं त्याला वाटत होतं.

काही निवलं नाही. ओसरीत वारा आला आणि तीन-चार भालाईत आडवे झाले, एवढंच.

बाबा उठले. डावा गुडघा कटकन वाजला. पटाला वळसा घालायचा तर आता सैन्याच्या बाहेरून जावं लागत होतं. ते भिंतीला धरून, पाऊल जपून टाकत गेले, पाटावर बसले, वाघ हलवला आणि तसेच परत आले.

“बाबा, हे इथं बसून हात लांबवला तरी होईल की. दर चालीला कशाला उठता?”

“इथून त्याची चाल सुचत नाही.”

“कुणाची?”

बाबांनी ओसरीतूनच खाली बोट केलं. वाडीच्या टोकाला एक कौलारू घर होतं. अंगणात लाकडाच्या फळ्या उभ्या करून ठेवलेल्या दिसत होत्या.

“रंगनाथ सुतार. रोज दुपारी यायचा. हा पाट त्यानंच केला. म्हणाला, तुमची फरशी गार लागते.”

“वारले?”

“नाही रे. तो बघ, रंधा मारतोय. कान दे, ऐकू येईल.”

तुषारनं कान दिला. खरंच येत होतं. बारीक, एका लयीत.

“मग येत का नाहीत?”

“एका डावात वाघ माझ्याकडं होते. एक कोंडला होता त्यानं. मी दोन बकऱ्यांवरून उडी मारली. उडी एकीवरूनच मारायची असते. त्यानं धरलं. मी म्हटलं, आमच्या गुरूंच्या वेळी असंच होतं... खोटं बोललो. तो उठून गेला. तेरा वर्षं झाली.”

“तेरा?”

“आता ती चाल आली की मी नीट खेळतो. बघायला कोणी नसतं.”

तुषार पुढे सरकला. त्याच्या आवाजात पुन्हा ती धार आली. “पण बाबा, चूक तुमची होती. तुम्ही खाली जायला हवं होतं. कबूल करायला हवं होतं.”

“गेलो ना. सात वेळा. शेवटच्या खेपेला तर पारावर, चार माणसांदेखत हात जोडले. म्हटलं, रंगनाथा, उडी खोटी होती.”

“मग?”

“चहा पाजला त्यानं. साखर जास्त घालून, मला आवडतो तसा. डावाचं नाव काढलं की रंधा हातात घेतो.”

तुषार त्या घराकडे बघत राहिला. अंगणातला माणूस इथून सैनिकाएवढाच दिसत होता. एकटाच. पुढे वाकत होता, मागे येत होता, पुढे वाकत होता.

फरशीवरची म्हातारी झेंडेकरीण तुषारकडे रोखून बघत होती. त्यानं तिला उचललं. मुठीत धरलं.

“तुम्ही कबूल केलं,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांसमोर केलं. त्यांनाही खेळायचं असणारच. मग ते वर का येत नाहीत, बाबा?”

बाबांनी एक चिंचोका सरकवला. गुडघ्यावर हात टेकला, आणि उठता उठता म्हणाले,

“बरोबर आहे ना तो...”