सायाळीचे गवत आणि दरबारचे अनुदान

एका डोंगराच्या उतारावर एक सायाळ रताळ्यांची शेती करून राहत असे. तिच्या शेताच्या खालच्या बांधावर वाळ्याचे उंच, दाट गवत होते. ते तिच्या आजीने लावले होते. सायाळीने त्याला कधी हात लावला नाही आणि आपण ते राखतो म्हणून फुशारकीही मारली नाही. त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती, म्हणून कातळावर असूनही तिची रताळी चांगली पोसत. तिच्या खाली, अगदी ओढ्याला लागून, रानडुकराचे शेत होते. रानडुक्कर मात्र थेट पाण्यापर्यंत जमीन उकरून ठेवी. दर पावसाळ्यात त्याची माती ओढ्यात जाई आणि सगळे जंगल गढूळ पाणी पीत बसे.

शेवटी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. जो कोणी शेताच्या खालच्या कडेला गवत लावील आणि ती पट्टी उकरायची सोडील, त्याला दर हंगामात दरबारच्या कोठारातून ज्वारी मिळेल. रानडुकराने लगेच गवत लावले. ज्वारीची पोती त्याच्या दारात येऊन पडली, तेव्हा सायाळही दरबारच्या कारभारी कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने बांध पाहिला, गवत उत्तम आहे हेही मान्य केले. मग म्हणाला, "पण हुकूम नव्याने गवत लावणाऱ्यांसाठी आहे, बाई. तुमचं आधीपासूनच आहे. त्याला मी काय करू?"

मुलांनो, सायाळीला राग आला आणि खरे सांगायचे तर तो यायलाच हवा होता. ज्याने इतकी वर्षे ओढा गढूळ केला त्याला पोती, आणि जिने बांध राखला तिने हात हलवत परत यायचे, हा कुठला न्याय? पण रागाच्या भरात तिने जे ठरवले ते भलतेच होते. जुने गवत समूळ उपटायचे, त्याच जागी नवे लावायचे आणि मग कोल्ह्याला पाहणीला बोलवायचे. गवतात घरटे करून राहणाऱ्या लावीने तिला विनवले, "सायाळताई, पावसाळा तोंडावर आला आहे. ही मुळं निघाली तर तुमची माती कोण धरील?"

"नवं गवत धरील," सायाळ म्हणाली. "आणि वर ज्वारीही मिळेल."

पिले घेऊन लावी पलीकडच्या माळावर निघून गेली. सायाळीने नखांनी खोल खणून एकेक मूळ बाहेर काढले. अख्खा बांध भुसभुशीत झाला. त्यात तिने नव्या काड्या ओळीने लावल्या आणि कोल्ह्याला निरोप धाडला. काड्यांना मुळे फुटण्याआधीच वळीव आला. पाऊस काही फार मोठा नव्हता, जुन्या गवताने तो सहज अडवला असता. पण मोकळा बांध ढासळला आणि त्याच्यामागून काड्या, वेल, माती सारेच उतारावरून खाली गेले.

कोल्हा पाहणीला आला तेव्हा वर फक्त काळा कातळ उरला होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि सरळ विचारले, "अनुदान शेताच्या कडेच्या गवताला मिळतं. गवताचं राहू द्या, बाई, तुमचं शेत कुठं आहे?"

सायाळीने पंजाने खाली दाखवले. तिची सगळी माती रानडुकराच्या एव्हाना रुजलेल्या गवतात अडकून त्याच्या शेतात पसरली होती आणि तिच्याच रताळ्यांचे वेल तिथे पुन्हा रुजत होते. सायाळीला रडू आवरेना. कोल्हा खाली उतरला, माती उत्तम अडवली म्हणून त्याने रानडुकराला शाबासकी दिली आणि तो पुढच्या शेताकडे निघून गेला.

तात्पर्य : चांगल्या कामाचा मोबदला मिळाला नाही, म्हणून ते काम आपल्याच हाताने मोडू नये. मोबदला देणे दुसऱ्याच्या हाती असते, पण नुकसान आपले होते.