हातोड्याचा गंडा

कोळवडीच्या देवळाचं शिखर चढत होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या सकाळी वीस हात उंच परांचीवर पाच गवंडी, पाच हातोडे, सात छिन्न्या आणि एक ओळंबा होता. खाली चिंचेच्या सावलीत लिंबराज महाराज बसले होते.

महाराजांनी प्रत्येकाला दीड हात सुताचा गंडा दिला. "वर असताना सोडू नका," महाराज म्हणाले.

मुख्य कारागीर जोत्याजी मिस्त्रींनी तो दंडाला बांधला. इतरांनीही तसंच केलं. भिवबानं मात्र एक टोक मनगटाला आणि दुसरं हातोड्याच्या दांड्याला बांधलं.

"हातोड्याला दृष्ट लागते का रे?" मिस्त्री हसले. "उद्या ओळंब्याला कुंची शिवशील. महाराजांचा प्रसाद तो, आणि तू लाकडाला गुंडाळतोस!"

"मिस्त्री, मी पडलो तर मी मरेन," भिवबा हळूच म्हणाला. "हातोडा पडला तर खाली कोण असेल, ते मला कुठं ठाऊक?"

सगळे खो खो हसले. भिवबाचा चेहरा पडला. खाली महाराजांनी फक्त एकदा वर पाहिलं.

दुपारी मिस्त्रींची लेक तानू डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आली. परांचीखाली थांबून तिनं हाक मारली, "आबा, जेवायला या!"

मिस्त्री वळले आणि घामेजल्या हातातून त्यांचा हातोडा निसटला.

भिवबानं झेप घेतली. त्याचा स्वतःचा हातोडा सुटून मनगटाशी लोंबकळला, पण मिस्त्रींचा त्याच्या बोटांना चाटून खाली गेला. खाली तानू! भिवबा जिवाच्या आकांतानं ओरडला, "महाराज, पोरीला वाचवा!"

चिंचेखाली महाराजांनी मूठ मिटली.

हातोडा पाटीच्या वर चार बोटांवर थांबला आणि संथ झोके घेऊ लागला. मिस्त्रींच्या दंडावरून एक पांढरा धागा थेट त्याच्या दांड्यापर्यंत ताणला होता. तानू अजून वर बघत विचारत होती, "आबा, येताय ना?"

मिस्त्री हातोडा वर ओढून घेऊन खाली उतरले. त्यांनी आधी लेकीला पोटाशी धरलं, मग महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं.

"माझ्या पाया काय पडतोस?" महाराज म्हणाले. "गाठ कुठं मारायची, ते भिवबाला विचार."

मिस्त्रींनी भिवबापुढेही डोकं टेकवलं. भिवबा लाजून मागे सरला.

मग मिस्त्रींनी दंडावरचा धागा सोडला आणि स्वतःच्या हातानं मोजला. तो अठरा हात भरला.