मार्क मोठे की जास्त?

निंबोडी गावात एक भोळा राहायचा. त्याचं नाव हणमंत, पण सगळे हणमूच म्हणायचे. गावात भोळे तसे पुष्कळ होते, पण त्यांचा भोळेपणा निवडणुकीपुरता असायचा. हणमूचा बारमाही होता. कुणी काही सांगितलं की तो शब्द न् शब्द ऐकायचा आणि शब्द न् शब्द करायचा. शब्दाच्या मागे आणखी काही अर्थ असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याची आई द्वारका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. वीस वर्षं धुरात उभं राहून तिचे डोळे कायमचे लाल झाले होते. तिला एकच गोष्ट हवी होती. पोरानं टेबलाशी बसून नोकरी करावी. टेबल कसलंही चाललं असतं. पुढ्यात टेबल आणि डोक्यावर पंखा, बस्स.

बारावीचा निकाल लागला. हणमूला अडतीस टक्के पडले.

“काठावर पास झालास रे,” हेडमास्तर म्हणाले.

“न्हाई गुरुजी,” हणमू म्हणाला. “काठावर म्या गेलोच न्हाई. सगळे पेपर शाळंतच लिवले.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

द्वारकाला मात्र अडतीस काय आणि अठ्ठ्याण्णव काय, पास म्हणजे पास. तिनं पेढे आणले. “आरं, निकाल लागला की गप बसायचं नसतं,” ती म्हणाली. “घरोघर जायाचं, हसत हसत पेढा द्यायचा आन म्हनायचं, निकाल लागला, तोंड गोड करा.”

“बरं,” हणमू म्हणाला. त्यानं ते पक्कं ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात तो कधीच कमी पडला नाही. मार्क कसे कमी पडले, देव जाणे.

चार दिवसांनी शेजारचे रंगराव तालुक्याच्या कोर्टातून आले. बांधाचा खटला अकरा वर्षं चालला होता. त्या दिवशी निकाल लागला आणि बांध भावकीच्या घशात गेला. रंगराव ओसरीवर डोक्याला हात लावून बसले होते. घरात चूल पेटली नव्हती.

हणमू उरलेले पेढे घेऊन गेला. तोंडभर हसला.

“रंगूकाका, निकाल लागला म्हनं! तोंड गोड करा!”

रंगरावांनी पेढा घेतला नाही. पायताण घेतलं. हणमू घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवर पायताणाचा नंबर वाचता येत होता.

द्वारकानं कपाळावर हात मारला. “आरं खुळ्या! मानूस रडत आसंल तर त्येच्याजवळ बसावं. त्येचं डोळं पुसावं. म्हनावं, झालं ते झालं, धीर सोडू नगा, पुढच्या टायमाला व्हईल.”

“बरं,” हणमू म्हणाला. तेही त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं, आणि एक स्वच्छ फडकं खिशात घातलं.

रविवारी शाळेत सत्कार होता. हेडमास्तरांची मुलगी ऋतुजा हिला चौऱ्याण्णव टक्के मिळाले होते. शाळेच्या इतिहासात एवढे मार्क दोन पोरांचे मिळूनही कधी झाले नव्हते. हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. “बाळांनो, मार्क म्हणजे आयुष्य! मार्क नाहीत तर काही नाही!” एवढं बोलून त्यांनी लेकीकडं पाहिलं. आनंदानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

हणमूनं ते पाहिलं. तो उठला, मंचावर चढला आणि खिशातून फडकं काढून हेडमास्तरांचे डोळे पुसू लागला.

“झालं ते झालं, गुरुजी,” तो माइकसमोरच म्हणाला. “धीर सोडू नगा. पोरीला जुलैत परत बसता येतंय. व्हईल पास.”

सगळी सभा फिदीफिदी हसली. ऋतुजा हसली नाही. हेडमास्तरांनी त्याला कानाला धरून खाली आणलं.

“मूर्खा, माझ्या पोरीनं घराण्याचं नाव काढलंय!” ते दात खात म्हणाले. “कुणी नाव काढलं की गळ्यात हार घालायचा. टाळ्या वाजवायच्या. म्हणायचं, शाबास, नाव काढलंत! कळलं?”

“बरं,” हणमू म्हणाला. बाजारातून त्यानं झेंडूचा एक हार घेतला आणि पिशवीत ठेवला. कुणी कधी नाव काढेल, सांगता येतं का?

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या कॉलेजात गेला. प्रवेशाचा अर्ज त्यानं आधीच भरला होता. खिडकीपाशी मरणाची गर्दी होती. पंच्याऐंशीवाली पोरं रडत होती. नव्वदवाली पोरं रडायच्या बेतात होती. अडतीसवाला एकटा मजेत उभा होता. त्याचा नंबर आला.

आतल्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. “हणमंत... हणमंत... हं. नव्वदच्या खालच्या सगळ्यांची नावं काढली. तुझंही नाव काढलंय.”

हणमूचा चेहरा उजळला. त्यानं पिशवीत हात घातला, खिडकीच्या गजांतून दोन्ही हात आत नेले आणि कारकुनाच्या गळ्यात हार घातला. मग टाळ्या वाजवल्या.

“शाबास साहेब! नाव काढलंत!”

मागच्या पोरांना वाटलं, हा कारकुनाची जिरवतोय. ज्यांची ज्यांची नावं निघाली होती त्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कारकून आधी लाल झाला, मग पांढरा झाला. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या गळ्यात हार पहिल्यांदाच पडला होता, आणि तो असा.

“अरे बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “मी काय करू? तुझे मार्क माझ्या वयाएवढेसुद्धा... जाऊ दे. छोटे पडले मार्क. मोठे कर आणि ये.”

“बरं,” हणमू म्हणाला.

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. हणमू तिथं गेला. म्हणाला, “ह्ये मार्क मोठं करून द्या.” दुकानदारानं गुणपत्रिका यंत्रात घातली आणि दुप्पट मोठी करून दिली. चादरीएवढा नाही, पण चांगला टॉवेलाएवढा कागद झाला. अडतीसचा आकडा वितीएवढा दिसत होता.

हणमूनं तो कागद खिडकीसमोर दोन्ही हातांनी पसरून धरला. “साहेब, क्येलं मोठं!”

कारकून ओरडला. “अरे, मोठे नकोत रे. जास्त हवेत! जास्त!”

“बरं,” हणमू म्हणाला. पाच मिनिटांत परत आला. हातात वीस झेरॉक्स होत्या. “घ्या साहेब. परत्येकीत अडतीस हायेत. मोजून घ्या.”

कारकुनानं खिडकी लावून घेतली. त्या वर्षीचे प्रवेश एक तास लवकर संपले.

हणमू घरी येऊन सगळं सांगत होता आणि द्वारका ऐकत होती. या खेपेला तिनं कपाळावर हात मारला नाही. ती चुलीपुढं बसून रडली. धुराचं निमित्त होतंच. एकुलतं एक पोर, आणि कॉलेजाचं दार त्यानं हार घालून बंद केलं. तिला फार वाईट वाटलं. हणमूलाही वाटलं. त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि तिचे डोळे पुसले. एवढी एक गोष्ट त्यानं बरोबर जागी केली.

“बाबा,” शेवटी ती म्हणाली, “कालिज ऱ्हाऊ दे. पाइपांच्या कारखान्यात कारकुनाची जागा हाय म्हनत्यात. तिथं जा. आन ह्या बारीला तुझं डोस्कं चालवू नगंस. सायब जे म्हनंल ते ऐकायचं. त्येचा शबूद खाली पडू द्यायचा न्हाई.”

“बरं,” हणमू म्हणाला, आणि पिशवी घेऊन निघाला.

कारखान्याचे मॅनेजर शिरगावकर साहेब. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांची बी.कॉम.ची पदवी टांगलेली होती. सागवानी चौकट, वर काच, आणि ‘प्रथम श्रेणी’ ही अक्षरं येणाऱ्याला दारातूनच दिसावीत अशी. साहेबांच्या पुढ्यात टेबल होतं आणि डोक्यावर पंखा होता. हणमूनं दोन्ही नीट पाहून घेतलं, आईला सांगायला.

“मार्क किती?” साहेबांनी विचारलं.

हणमूनं पिशवी उघडली. “कंचं देऊ साहेब? मोठं देऊ का जास्त देऊ?”

त्यानं टेबलावर एका बाजूला टॉवेलाएवढा अडतीस पसरला आणि दुसऱ्या बाजूला वीस अडतीसांची चळत ठेवली.

साहेबांनी टॉवेल पाहिला, चळत पाहिली. मग खो खो हसत सुटले. हसता हसता टेबलावर हात आपटू लागले. त्यांना वाटलं, हे पोर भलतंच हुशार आहे, मार्कांच्या वेडाची काय झकास टर उडवतंय! भोळेपणा नीट इस्त्री करून आला की साहेबांना तो हुशारीच वाटतो.

“वा! असाच माणूस हवा मला!” ते म्हणाले. “मार्कांनी काय होतंय? मी मार्कांकडे ढुंकूनही बघत नाही.” हे ते ‘प्रथम श्रेणी’च्या बरोबर खाली बसून म्हणाले. “अरे, मार्कशीट म्हणजे नुसता कागद. घाल चुलीत! उद्या दहाला ये. एक दिवस काम बघतो. नीट केलंस तर कायम करतो.”

“बरं,” हणमू म्हणाला. घरी गेला आणि गुणपत्रिका चुलीत घातली. द्वारका चिमटा घेऊन धावली, तोवर कोपरा तेवढा उरला होता.

“आरं, काय क्येलंस ह्ये?”

“सायबांनी सांगितलं. आन नोकरी लागली.”

द्वारकाचा चिमटा वरच्या वर थांबला. “टेबल हाय?”

“हाय.”

“पंखा?”

“हाय. फिरतोय.”

तिनं चिमटा खाली ठेवला. मग उठून देवापुढं साखर ठेवली. वीस वर्षांत इतकी सुखात ती कधी झोपली नव्हती. सकाळी पोराला दारात निरोप देताना म्हणाली, “सायबाचा शबूद पाळलास म्हनून नोकरी लागली बघ. आजबी तसाच पाळ.”

दहाला हणमू टेबलाशी बसला. साडेदहाला साहेबांनी त्याच्यापुढं एक भलामोठा गठ्ठा आणून टाकला. कारखान्याला इंजिनिअर हवा होता. जाहिरातीत ‘किमान पंचाहत्तर टक्के’ असं जाड अक्षरांत छापलं होतं. एकशे बारा जणांनी अर्ज केले होते आणि पडताळणीसाठी आपापल्या मूळ मार्कशीटा जमा केल्या होत्या.

साहेब घाईत होते. मुंबईहून कारखान्याचे मालक यायचे होते आणि त्यांना आणायला साहेब स्वतः निघाले होते. “हणमंत, ह्या सगळ्या मार्कशीटा. ह्यांचं काय करायचं, कळतंय ना?”

“कळतंय साहेब. तुमीच सांगितलंय.”

“शाबास. मालक चारला येतील. त्याच्या आत उरकून टाक. खोलीत एक कागद दिसता कामा नये. आणि हो, मालकांना चुलीवरचा चहा लागतो, गॅसवरचा चालत नाही. मागे वॉचमनची चूल आहे, तेवढं बघ.”

“बरं,” हणमू म्हणाला. त्याला मनापासून हायसं वाटलं. आजवर लोक नाही नाही ते सांगायचे. हा पहिला माणूस, ज्याचं सगळं सांगणं एकाच जागी जुळत होतं.

चारला मालक आले. टेबल आरशासारखं लख्ख होतं. शिरगावकर साहेब खूश झाले. त्यांनी मनात हणमूला कायम करूनही टाकलं. चहा आला. मालकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

“वा! असा चहा आईच्या हातचा प्यालो होतो. आणखी एक कप आण रे.”

हणमूनं आणखी एक कप आणला.

“आता,” मालक कप हातात घेऊन म्हणाले, “जरा त्या पोरांच्या मार्कशीटा बघू.”

“हणमंत,” साहेब ऐटीत म्हणाले, “मार्कशीटा.”

“त्याच पिताय की साहेब,” हणमू म्हणाला. “ह्यो दुसरा कप एक्क्याण्णव टक्क्यांवर उकाळलाय.”

पंखा तेवढा फिरत राहिला. मालकांनी हळूच कप खाली ठेवला. शिरगावकर साहेब दोन पावलं मागे सरले. आधारासाठी म्हणून ते मागे भिंतीला टेकायला गेले आणि त्यांची नजर वर गेली. भिंतीवर नुसता खिळा होता.

“हणमंत,” साहेबांचा आवाज चिरकला, “माझी पदवी?”

“ती समद्यांच्या आधी घातली, साहेब,” हणमू हात जोडून म्हणाला. “तुमी सायब. पयला मान तुमचा.”