वारा थांबला तेव्हा

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या उंच कातळाच्या कपारीत एक म्हातारा बगळा राहत असे. वादळाविषयीचा एक नियम त्याला आजोबांनी शिकवला होता, पण तो आताशा नीट आठवत नसे. वारा थांबला की उतरावे, असे आजोबा म्हणाले होते, की थांबला तरी उतरू नये, असे? चारचौघांत विचारायची त्याला लाज वाटे.

एका वर्षी मोठे वादळ आले. खाडीतली पाणमांजरे पिल्लांना घेऊन कपारीत चढली. दुपारपर्यंत पूर्वेचा वारा झाडे उपटत होता, आणि मग तो एकाएकी थांबला. पानही हलेना. डोक्यावर आभाळाचा एक गोल, निळा तुकडा उघडला. त्यातून भर समुद्रातले अनोळखी पक्षी खाली उतरले आणि कातळावर ओळीने बसले. मुलांनो, एवढे पक्षी, पण एकाचाही आवाज नव्हता.

पाणमांजरांची एक रीत होती. वादळानंतर ज्या डोहाकाठी जो पहिला खडा ठेवील, त्याचा तो डोह वर्षभर. एक तरणे पाणमांजर घाईने उठले. "वहिनी, चल लवकर. खाडीपलीकडची पाणमांजरे सगळे डोह बळकावतील."

त्याची भावजय दोन पिल्लांना कवटाळून बसली होती. गेल्या वर्षी डोह हुकला, तेव्हा तिचे तिसरे पिल्लू उपासाने गेले होते. तिने बगळ्याकडे पाहिले. चुकीचे सांगितले तर या दोघांचे काय, असे बगळ्याला वाटले. अखेर तो पुटपुटला, "मला नक्की आठवत नाही, बाई. पण आठवेपर्यंत थांब."

"या म्हाताऱ्या बगळ्याला उन्हाचीही भीती वाटते," असे म्हणून दीर हसला आणि आणखी तिघा पाणमांजरांना घेऊन उतरला. ती थांबली.

खाली चिखलात ते चौघे खडे ठेवताना वरून स्पष्ट दिसत होते. मग ते जागच्या जागी थबकले. चौघांनी एकाच वेळी समुद्राकडे तोंडे वळवली. वारा आता पश्चिमेकडून आला, आणि त्याच्यापुढे खाडीभर उंच पाणी. त्यांच्यापैकी कोणीच परतले नाही.

पिल्ले वाचली. बगळा मात्र झुरत राहिला. बऱ्याच वर्षांनी वादळ पार करून आलेल्या एका समुद्रपक्ष्याला त्याने धीर करून विचारले. पक्षी म्हणाला, वादळाच्या मधोमध शांत पोकळी असते. ती सरकली की वारा उलट दिशेने येतो. तेव्हा कुठे बगळ्याला पटले, आजोबांचे शब्द 'थांबला तरी उतरू नये' असेच होते.

तात्पर्य : संकटातला नियम एकाच्या आठवणीवर सोडू नये; हवा स्वच्छ असतानाच सर्वांनी मिळून तो पाठ करावा, आणि शंका असेल तर तेव्हाच विचारावी.