पहिल्या दिवसाची गर्दी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध चिवडेवाला होता. त्याच्या कढईत पोहे पडले की फाट्यावरची एस.टी. आपसूक थांबे, आणि चालक शपथेवर सांगे की आपण ब्रेकला पायही लावला नव्हता. मी त्या एस.टी.त नव्हतो, पण ज्याने मला हे सांगितले तो सहसा खोटे बोलत नसे, निदान सकाळच्या वेळी तरी.

या वृद्धाकडे एक शिष्य नऊ वर्षे झारा धरून उभा होता. हात तयार झाला तसे त्याला स्वतःचे दुकान काढावेसे वाटू लागले. वृद्धाने आनंदाने अनुज्ञा दिली आणि दसऱ्याचा मुहूर्त ठरला.

त्या दिवशी सासुरवाडीहून दोन जीपा भरून माणसे आली. मामा, मावश्या, शाळासोबती, झाडून सारे भजनी मंडळ. जो येई तो नारळ ठेवी, चिमूटभर चिवडा तोंडात टाकी, वाहवा म्हणे आणि दोन-दोन किलो बांधून घेई. दुपारपर्यंत परातीचा तळ दिसू लागला, आणि शिष्याचे डोके तेव्हाच फिरले. शेजारचा गाळाही घ्यावा, चार आचारी ठेवावेत, असे त्याने गल्ल्यावर बसल्या बसल्या ठरवून टाकले. त्यासाठी राहते घर विकावे लागणार होते. एवढी गर्दी पाहिल्यावर घराचे काय घेऊन बसलीस, असे त्याने बायकोला समजावले. गाळ्याचा मालक करारपत्र घेऊन हजरही झाला. शिष्याने पेनाचे टोपण काढले, तोच वृद्ध दारात आला.

त्याने करारपत्र पाहिले, गर्दी पाहिली आणि कढईतला झारा उचलला.

"ज्याला या पोराचं नाव ठाऊक आहे, त्यानं पुडा खाली ठेवायचा आणि बाहेर व्हायचं."

आधी सगळ्यांना थट्टाच वाटली. मग त्याने मामांच्या हातातली पिशवीच काढून घेतली. सासरे म्हणाले, जावयाच्या दारात आमचा हा मान का? त्यावर वृद्धाने त्यांना लवून नमस्कार केला आणि सांगितले की मानपान उद्या घरी करू, आज तेवढे बाहेर. सासऱ्यांचा फेटा संतापाने जागच्या जागी सुटला. तो पुढे तीन दिवस कोणाकडूनच नीट बांधला गेला नाही म्हणतात. भजनी मंडळ टाळांसकट रस्त्यावर आले. अशा वेळी आरडाओरडा करायचा असतो, हेदेखील कोणाला सुचले नाही. सर्वांत शेवटी शिष्याच्या आईला बाहेर नेताना मात्र वृद्धाने झारा खाली ठेवला होता.

शिष्य गल्ल्यावरून उठून पुढे आला. नऊ वर्षे ज्याचे पाय धरले, तोच मुहूर्ताच्या दिवशी चुलीत पाणी ओतत होता.

"आबा," त्याच्या तोंडून कसेबसे निघाले, "माझं वाटोळं करायला आलात का?"

"कोण उरलंय ते बघ आधी."

एकच माणूस उरला होता. समोर पंक्चर काढायला मोटारसायकल दिली होती, म्हणून सहज आत डोकावलेला. हातातल्या कागदावर नमुन्याचा चिवडा होता, एकच घास घेतलेला. घडला प्रकार पाहून तो बिचारा ओशाळला, कागद तसाच गल्ल्यावर ठेवून निघून गेला.

वृद्ध म्हणाला, "बाहेर गेले त्यांनी चिवडा विकत घेतला नाही, तुला आहेर केला. आहेर भरपूर आला म्हणून कोणी रोज लग्न लावत नाही, गड्या. तुझं दुकान चालवणारा आत्ता उष्टा चिवडा टाकून गेला. त्याला ना तुझं नाव माहीत, ना तुझी आई. तुझ्याशी खोटं बोलायचं त्याला कारणच नाही. गाळा घ्यायचा की नाही, ते त्याला विचारून ये."

शिष्य अनवाणीच धावला. पंक्चरवाल्यापाशी त्याने त्या माणसाला गाठले. तो माणूस जरा घुटमळला.

"रागावू नका, पण खोबरं करपलंय. कडू लागतं."

शिष्य परत आला. परातीच्या तळचा खोबऱ्याचा काप त्याने तोंडात टाकला. खरोखरच कडू. मुहूर्ताच्या गडबडीत तेल फार तापले होते. वृद्धाच्या झाऱ्याने बसला नव्हता एवढा धक्का त्याला या कापाने बसला. सकाळपासून अख्ख्या गोतावळ्याने हेच खाल्ले होते. सासऱ्यांनी तर दोनदा मागून घेतले होते.

आई अजून पायरीखाली उभी होती. त्याने विचारले, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं रे," आई पदराशी चाळा करत म्हणाली. "पण आज कसं सांगायचं?"

बाहेर थांबलेल्या गाळ्याच्या मालकाने करारपत्राची घडी घातली आणि तो निघून गेला. शिष्याने कढईतले तेल बदलले, जाळ कमी केला आणि मोजका एकच घाणा तळला. गरम चिवडा कागदात घेऊन तो पुन्हा रस्ता ओलांडून गेला, आणि त्या अनोळखी माणसासमोर कागद धरून उभा राहिला. पहिल्या घासानंतर त्या माणसाचा हात दुसऱ्यांदा कागदाकडे जातो का, एवढेच पाहत.